मॉडीनसाठी एक भक्कम खुर्ची

खुर्ची मोडली तेव्हा दुपारचे बारा वाजायचे होते, आणि हॉलिस आयव्ही कारखान्यात दुसऱ्याच एका खुर्चीला पाठ बसवत होता.

पॉन्टोटॉक या गावाच्या आसपास ज्याच्या हाताला सुतारकामाचा किंवा शिवणकामाचा गुण आहे तो माणूस कधी ना कधी खुर्च्यांच्या कारखान्यात जातोच. हॉलिस एकोणिसाव्या वर्षी गेला होता आणि साठी आली तरी तिथेच होता. गेली चौदा वर्षं तो सॅम्पल रूममध्ये काम करायचा. नवी खुर्ची कागदावर उतरली की तिची पहिली प्रत या खोलीत हातानं बांधायची, शंभरदा बसून-उठून बघायची, आणि मग कागदाखाली सही ठोकायची की होय, ही बनवता येते. मागे रेलणाऱ्या खुर्च्या, बटण दाबलं की माणसाला अलगद उभं करणाऱ्या मोटरच्या खुर्च्या, सगळ्या आधी त्याच्या हाताखालून जायच्या.

फोन मॉडीनच्या शेजारणीचा होता.

"हॉलिस, मॉडीन पडलीय. म्हणजे ती नाही पडली, खुर्ची मोडली. ती खुर्चीतच आहे. अर्धी आहे. माझ्यानं काही होत नाही रे, मी आगीच्या बंबवाल्यांना बोलावलंय. तू ये आधी!"

मॉडीन ही हॉलिसची थोरली बहीण, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे त्याच्या लहानपणाचा बराचसा भाग तिच्याच कडेवर गेला होता. तिनं तीस वर्षं गावातल्या शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाक केला. पोटचं मूल तिला झालं नाही, पण गावातल्या निम्म्या लोकांना तिनं वाढून घातलेलं होतं. बांधा पहिल्यापासून मोठा. नवरा गेल्यावर तो आणखी वाढला, आणि मग हृदयानं कुरकुर सुरू केली. आडवं झालं की छातीत पाणी चढायचं, जीव घाबरा व्हायचा. म्हणून चार वर्षं ती खुर्चीतच झोपत होती. ती खुर्ची हॉलिसनंच तिला कारखान्यातून आणून दिलेली होती.

तो पोचला तेव्हा दारात लाल गाडी उभी होती आणि बैठकीच्या खोलीत सहा जण दाटीवाटीनं उभे होते. मॉडीन एका कुशीवर कलंडली होती, एक पाय खुर्चीच्या पायपट्टीखाली अडकलेला. झगा मांडीपर्यंत वर सरकला होता. तुकडीचा प्रमुख डेक्स्टर होल्मन यानं आत शिरल्याबरोबर पहिलं काम कुठलं केलं असेल, तर कोचावरची चादर ओढून तिच्या पायांवर टाकली. हॉलिस ते कधी विसरला नाही.

"मॉडीनबाई, कुठं दुखतंय?"

"कुठं नाही ते विचार, लवकर सांगून होईल." तिला धाप लागली होती, पण तोंड चालूच होतं. "डेक्स्टर, चौथीत असताना तू ताटातल्या लिमा बीन्स खिशात घालून बाहेर टाकायचास. मला ठाऊक होतं बरं का."

"ठाऊक होतं तर बोललात का नाही?"

"म्हटलं, पोरगं पाव तरी खातंय. खाल्ल्या असत्यास तर आज दोन माणसं कमी लागली असती."

सगळे हसले. त्यांनी तिच्याखालून कापडी पट्टे सरकवले, एक-दोन-तीन म्हटलं, आणि तिसऱ्या खेपेला ती उचलली गेली. हॉलिस दाराशी टोपी हातात धरून उभा होता. मदतीला पुढं झाला तर एकानं त्याला हळूच मागं सारलं होतं. उचलताना मॉडीननं डोळे गच्च मिटून घेतले आणि तिचा खालचा ओठ थरथरला, तो मात्र त्याला दिसला.

गाडी गेली. शेजारीण गेली. मॉडीन स्वयंपाकघरातल्या बिनहाताच्या खुर्चीवर बसून राहिली.

*

मोडलेली खुर्ची हॉलिसनं आपल्या शेडमध्ये नेली आणि उलटी केली. काय झालं असणार हे त्याला उलटी करण्याआधीच कळलं होतं. खालची आडवी नळी काटकोनात वाकली होती आणि तिच्या टोकाचा रिव्हेट पत्र्यासकट फाटून बाहेर आला होता.

ती नळी त्याच्या ओळखीची होती. या खुर्चीची पहिली प्रत त्यानंच बांधली होती, आणि तिच्यात त्यानं जाड पोलादाची नळी घातली होती. नंतर आराखडे काढणारा केंड्रिक त्याच्याकडं पातळ नळी घेऊन आला. "हॉलिस, हिच्यावर चाचणी पास होते का बघ." झाली. कागदावर लिहिलेल्या वजनाला ती नळी टिकली. त्याच्या वर थोडं गेलं तर टिकेल का, असं कुणी विचारलं नाही. हॉलिसच्या हातानं ती नळी धरून बघितली होती आणि हाताला ती पटली नव्हती. पण हाताला काय वाटलं ते लिहायला कागदावर जागा नसते. त्यानं सही केली. आणि वर्षभरानं तीच खुर्ची मोठ्या हौसेनं बहिणीच्या घरी नेऊन ठेवली.

मॉडीन आता जेवणाच्या टेबलावर उशा रचून, त्यांच्यावर डोकं टेकून बसल्या बसल्या झोपायची. पाय लोंबकळत राहायचे आणि संध्याकाळपर्यंत सुजून असे व्हायचे की बोट दाबलं तर खळगा पडायचा. दवाखान्यातल्या कॉटचा विषय काढला तर ती म्हणायची, "मला मरायला टाकायचं असेल तर सरळ सांग."

दुसऱ्या आठवड्यात हॉलिस तिच्यासमोर बसला.

"मी तुला खुर्ची करून देतो. कारखान्यातली नाही, माझी. पक्की."

"नको."

"मॉडीन, ऐक तरी."

"तुमच्या खुर्च्यांवरून माझं मन उडालंय. उद्या परत पडले तर डेक्स्टर यायचा नाही, क्रेन यायची."

"नाही पडणार. फक्त मला एक गोष्ट सांगावी लागेल तुला." तो थांबला. साठ वर्षांत त्यानं हा प्रश्न तिला कधी विचारला नव्हता. त्यांच्या घरात कुणीच विचारत नसे. "तुझं वजन किती आहे?"

"मागं मी आपणहून सांगितलं होतं की. तीनशे पन्नास पौंड."

"ते चार वर्षांपूर्वी."

"मग? माणसाचं वजन म्हणजे काय झाड आहे, सारखं वाढायला?" तिनं तोंड फिरवलं. "जा तू घरी. मला तुझ्या खुर्चीची गरज नाही."

तो उठला नाही. नळीची गोष्ट त्यानं त्या वेळी तिला सांगितली. आधी जाड होती, मग पातळ आली, आपल्याला पटली नव्हती तरी सही केली, सगळं. सांगताना त्याची नजर टेबलावरच्या मेणकापडावरून हलली नाही.

मॉडीननं मेणकापडावरचा चुरा तळहातानं एका जागी लोटला. मग म्हणाली, "खुर्ची आणलीस तेव्हा मी चारशे दहा होते."

हॉलिसनं वर बघितलं.

"डॉक्टरकडं त्याच आठवड्यात काट्यावर उभी राहिले होते. तुझ्या खुर्चीच्या खाली चिठ्ठी चिकटवलेली होती, तीनशे पंच्याहत्तर. वाचली मी. म्हटलं, तू एवढ्या प्रेमानं आणलीयस, आता काय म्हणून परत पाठवू? आणि काय सांगून पाठवू?" तिनं पदरासारखं ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. "म्हटलं, जपून बसू. चार वर्षं जपून बसले रे. चार वर्षांत एकदासुद्धा अंग सोडून बसले नाही."

कोण कुणाची समजूत घालणार?

*

वजन तर करायलाच हवं होतं. डॉक्टरकडचा काटा साडेचारशेच्या पुढं जात नव्हता. शेवटी मॉडीननंच सुचवलं: व्हार्टनच्या पेंडीच्या दुकानात जमिनीलगतचा मोठा काटा आहे, पोती तोलायचा. रविवारी प्रार्थनेच्या आधी दुकान बंद असतं.

म्हातारा व्हार्टन किल्ली घेऊन आला. कुलूप काढलं, काट्याचं बटण लावलं आणि "मला जरा बियाण्यांची पाकिटं लावायचीत" असं म्हणून पार पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिला. मॉडीननं चर्चचे कपडे घातले होते, डोक्यावर जांभळी हॅट. वॉकर टेकत टेकत ती काट्यावर चढली, वॉकर हॉलिसकडं दिला आणि म्हणाली, "तू पण तिकडं बघ."

त्यानं मान वळवली. पेंडीचा गोडूस वास येत होता.

"चारशे एकसष्ट," ती मोठ्यानं म्हणाली. "हॅट धरून."

"हॅट वजा करू का?"

"खबरदार. हॅटसकट बांध."

भिंतीशी व्हार्टनचे खांदे हलले. मॉडीनही हसली, पण गाडीत बसल्यावर चर्च येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती.

सोमवारी हॉलिस केंड्रिककडं गेला. केंड्रिक काही वाईट माणूस नव्हता. हॉलिसच्या बायकोच्या अंत्यविधीला तो शेवटपर्यंत उभा राहिला होता. हॉलिसनं वाकलेली नळी त्याच्या टेबलावर ठेवली आणि बहिणीची हकिगत सांगितली. केंड्रिक हळहळला. मग विचारलं, "त्यांचं वजन किती?"

हॉलिसनं सांगितलं.

"मग हॉलिस, मी काय म्हणू तुला? शंभराच्या जवळपास वर आहे. आपण चिठ्ठी लावलेली आहे."

"हो. चिठ्ठी आहे."

"मला खरंच वाईट वाटतंय."

कागदाच्या हिशेबानं केंड्रिकचं काहीच चुकत नव्हतं. त्यानं नळी उचलली आणि कामाला लागला. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो सॅम्पल रूममध्ये बसेनासा झाला. गाडीत एकटाच डबा खायचा.

*

खुर्ची त्याच्या शेडमध्ये उभी राहू लागली. जोडीला रेफर्ड होता. रेफर्ड म्हणजे त्याचा तीस वर्षांचा दोस्त, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, वेल्डिंगमध्ये हात धरणारं कुणी नाही आणि तोंडाला तर लगामच नाही.

सांगाडा चौकोनी पोलादी नळ्यांचा केला. रिव्हेट सगळे काढून टाकले. प्रत्येक सांध्याला जाड बोल्ट आणि तो घासू नये म्हणून त्याच्याभोवती पितळी बुश. मोटरी दोन: एक पाठ आणि पाय हलवायला, दुसरी फक्त उचलायला. बसायच्या जागेखाली स्प्रिंगा दुप्पट. पहिला सांगाडा पंधरा दिवसांत तयार झाला. त्यावर त्यांनी व्हार्टनकडून आणलेली पेंडीची दहा पोती रचली, वजन पाचशे पौंड, आणि हॉलिसनं बटण दाबलं.

खुर्ची घुरघुरली, वर उठू लागली, पुढं झुकली, आणि मग मागचे पाय जमिनीवरून सुटले. दहाची दहा पोती शेडपुढच्या अंगणात पसरली आणि त्यांच्यावर खुर्ची पालथी पडली.

रेफर्ड जरा वेळ बघत राहिला. "मॉडीन हिच्यात असती तर थेट टुपेलो शहरापर्यंत गेली असती."

हॉलिस हसला नाही. तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रेफर्डनं मुकाट्यानं पोती गोळा केली.

चूक कळली होती. माणूस उठताना सगळा भार पुढं येतो. बारीक माणसाचा येतो तो निराळा, हिचा येतो तो निराळा. उचलण्याची बिजागरी वीतभर मागं घ्यावी लागली आणि जमिनीवरची चौकट पुढं हातभर लांबवावी लागली. त्यात आणखी आठ दिवस गेले. दुसऱ्या वेळी पोती जागची हलली नाहीत. मग रेफर्ड आणि त्याचे दोघे भाऊ एकमेकांच्या मांडीवर बसले आणि वर-खाली होऊन आले. खुर्चीनं हूं की चूं केलं नाही.

हॉलिस मोठ्या आनंदानं मॉडीनला सांगायला गेला. "आता तू अगदी सावकाश वर येशील. कळणारसुद्धा नाही."

"सावकाश म्हणजे किती?"

"चाळीस सेकंद."

मॉडीननं त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "बाबा रे, मी रोज सकाळी पाणी काढायची गोळी घेते. चाळीस सेकंदांत माझी काय अवस्था होते, तुला सांगू का चित्र काढून?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. चौदा वर्षं त्यानं उचलणाऱ्या खुर्च्या बांधल्या होत्या आणि त्या खुर्चीतून उठून माणूस कुठं जातो, याचा विचार त्याच्या खोलीत कुणी केलाच नव्हता. त्यानं वही काढली. "अजून काय काय आहे? सगळं सांग."

मग तिनं सगळं सांगितलं. हात टेकून उठायचं तर कोपराखालची पट्टी चर्चमधल्या पहिल्या बाकाच्या हाताइतकी उंच हवी, आणि तिचं टोक मुठीत मावेल असं गोल. मांडीखालची कड मऊ हवी, नाहीतर पाय बधिर होतात. बटण डाव्या हाताला, कारण उजवा खांदा पडल्यापासून वर जात नाही. वादळात वीज गेली तर अर्धवट आडव्या अवस्थेत अडकायला नको. ती बोलत होती, तो लिहीत होता, मधूनच शिंप्याच्या टेपनं मापं घेत होता. तिनं मापं घेऊ दिली. टेप कमी पडली तेव्हा तिनंच टेपचं टोक बोटानं दाबून धरलं आणि म्हणाली, "इथून पुढं परत एकपासून मोज."

शेवटी त्यानं कापडाचा रंग विचारला.

"पिवळा."

"पिवळा मळतो. तपकिरी घे, टिकतो."

"तपकिरीत बसले जन्मभर. टिकाऊपणाचं आता मला काय सांगतोस? पिवळा."

त्यानं जास्त ताकदीची मोटर मिळवली, वेळ चौदा सेकंदांवर आणली, गाडीची एक बॅटरी खाली बसवली. कारखान्यातल्या शिवणकामाच्या बायकांनी आपल्या सुट्टीत पिवळं कापड शिवून दिलं. त्यांतल्या चौघींना लहानपणी मॉडीननं वाढलेलं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस रेफर्डच्या ट्रेलरवरून खुर्ची आली. दार काढल्याशिवाय ती घरात जाईना, म्हणून दार काढलं.

मॉडीन वॉकर धरून तिच्यापुढं उभी राहिली. वळली. हॉलिसला तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. तिनं दोन्ही हात टेकले, आणि पावसाळ्यात निसरड्या पायरीवर पाय ठेवावा तशी, इंचाइंचानं, खाली बसली.

"आता सोड," हॉलिस म्हणाला.

"काय सोडू?"

"अंग."

तिनं सोडलं. खुर्चीतून कुठलाच आवाज आला नाही. हॉलिसनं बटण तिच्या हातात दिलं. पाठ मागं गेली, पाय वर आले. मॉडीन छताकडं बघत पडून राहिली आणि तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी ओघळून कानात जाऊ लागलं. तिनं ते पुसलं नाही. रेफर्ड उगाचच दार परत बसवायला बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलिस कामावर जाताना डोकावला तर पडदे ओढलेले, हाक मारली तर उत्तर नाही. जवळ जाऊन बघतो तर तोंड उघडं टाकून बाई घोरत होती. साडेआठ वाजले होते. एरवी ती पहाटेपासून जागी असायची. तो तिथंच स्टुलावर बसून राहिला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा कारखान्यात न कळवता उशिरा गेला.

*

अकरा आठवडे ती त्या खुर्चीत राहिली. शेजारणी येऊन बसायच्या, ती खुर्चीतून हुकूम सोडायची, नाताळला तिनं खुर्चीत बसूनच हॉलिसकडून चेस पाय नावाचा गोड पदार्थ करवून घेतला आणि अंडी कशी फेटायची यावरून त्याला यथेच्छ बोलून घेतलं. पण पायांची सूज उतरत नव्हती. नव्या वर्षात ती पोटापर्यंत चढली. डॉक्टरांनी सांगितलं की आता दवाखान्यात नेऊन उपयोग नाही, आणि रोझेटा नावाची एक नर्स दिवसाआड घरी येऊ लागली. हॉलिसनं कारखान्यातून रजा घेतली.

एकदा रोझेटा गेल्यावर तो म्हणाला, "ही खुर्ची मी चार वर्षांपूर्वीच करायला पाहिजे होती."

"हो," मॉडीन म्हणाली. तिनं त्याचं मन राखलं नाही. मग थोड्या वेळानं, "आणि मी चार वर्षांपूर्वी खरा आकडा सांगायला पाहिजे होता. आता गप्प बस आणि माझ्या पायांवर पांघरूण घाल."

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, दुपारी, तिनं ताकात कुस्करलेला कॉर्नब्रेड, मक्याचा पाव, मागितला. लहानपणी दोघं खायची तसा, पेल्यात, चमच्यानं. दोन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. हॉलिसनं भरभर करून आणला. तिनं दोन चमचे खाल्ले आणि तोंड वाकडं केलं.

"अळणी आहे."

"तुला मीठ चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर बसलाय का इथं?"

तो हसला आणि मीठ आणायला स्वयंपाकघरात गेला. मिठाचा डबा त्यानंच दोन महिन्यांपूर्वी वरच्या फळीवर पाठीमागं लपवला होता. तो शोधून काढायला एखादं मिनिट लागलं असेल. परत आला तेव्हा पेला तिच्या मांडीवर नीट उभा होता, तिचा हात त्याच्याभोवती होता, आणि ती गेली होती.

त्यानं पेला काढून घेतला. चिमूटभर मीठ हातात होतं, त्याचं काय करावं ते त्याला कळेना. तो ते मुठीत तसंच धरून बसून राहिला.

अंत्यविधीवाल्यांचे दोघे तास-दीड तासानं आले. मॉडीनकडं बघून त्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि एक जण फोन काढून आणखी माणसं मागवू लागला.

"थांबा," हॉलिस म्हणाला. "कुणी लागणार नाही."

त्यानं चाकाची गाडी खुर्चीला अगदी चिकटवून लावायला सांगितली, त्या दोघांना दोन बाजूंना उभं केलं आणि बटण हातात घेतलं. आधी पाठ थोडी वर घेतली, मग बैठक उंच केली, गाडीच्या उंचीला आली तिथं थांबवली. मध्ये फळी सरकवली. मॉडीन एका बाजूनं दुसऱ्या बाजूला हळूच गेली, झग्याची घडी न विस्कटता. दोघांपैकी थोरला म्हणाला, "अशी खुर्ची मी बघितलेली नाही." हॉलिसनं मान हलवली. खुर्ची परत खाली घेताना मात्र त्याचा अंगठा बटणावरून दोनदा घसरला.

*

चर्चमध्ये जागा पुरली नाही. लोक बाहेर हिरवळीवर उभे होते. पुरून आल्यावर जेवणाच्या दालनात ताटं भरली गेली, तळलेली कोंबडी, हिरव्या पालेभाज्या, गोड चेस पाय. डेक्स्टर होल्मननं हॉलिसच्या समोर ताट ठेवलं, ते तसंच राहिलं.

पंधरा दिवसांनी रोझेटाचा फोन आला. हुल्का गावात बर्ल नावाचा एक जण आहे, करवतीच्या गिरणीत होता, आता मॉडीनसारखंच दुखणं. बायकोनं जमिनीवर गादी टाकलीय, तिथून तो उठू शकत नाही. ती खुर्ची तुम्ही ठेवणार आहात का?

हॉलिसनं दोन दिवस मागून घेतले. शनिवारी त्यानं रेफर्डला बोलावलं. पुन्हा दार काढलं.

बर्ल पन्नाशीचा, ओक्याबोक्या चेहऱ्याचा, लाजरा माणूस होता. दोघांनी आणि त्याच्या बायकोनं मिळून त्याला गादीवरून खुर्चीत आणायला अर्धा तास घालवला. बसल्यावर त्यानं हातांखालचं पिवळं कापड चाचपलं.

"झकास रंग आहे," तो म्हणाला. "कुणाची होती?"

"माझ्या बहिणीची," हॉलिस म्हणाला. बर्लनं बटण दाबलं. पाठ मागं गेली. त्या पिवळ्या उशीवर एक अनोळखी डोकं टेकलं. हॉलिस "गाडीत हत्यारं राहिली" असं पुटपुटून बाहेर पडला. हत्यारं त्याच्या हातातच होती. गाडीच्या मागं, फळीवर हात टेकून, तो असा रडला की रस्त्यापलीकडच्या कुत्र्यानं भुंकणं थांबवून त्याच्याकडं बघितलं. मॉडीनला पुरताना तो रडला नव्हता.

आत उरलेलं काम रेफर्डनं केलं, बर्लच्या बायकोला बॅटरी दाखवली, चौदा सेकंद मोजून दाखवले. बाहेर आला आणि काही न विचारता गाडी सुरू केली.

हुल्का मागं पडलं, दोन्ही बाजूंना कापणी झालेली, ओली, रिकामी रानं लागली. तेव्हा हॉलिस बोलला.

"त्याचे हात लांब आहेत. कोपराची पट्टी त्याला उंच होतेय. बघितलंस?"

"नाही बा."

"दीड इंच उतरवावी लागेल. आणि बटण उजवीकडं घ्यावं लागेल."

"मग?"

"पुढच्या शनिवारी येतो म्हणून फोन करतो त्यांना."

रेफर्ड म्हणाला, "मी पण येतो." हॉलिसनं खिडकीची काच थोडी खाली केली आणि खिशातली वही काढून बर्लची मापं लिहायला घेतली.